शिक्षक व्हायचं की तांत्रिक नोकरी? बी.एस्सी. गणिताचे पेपर निवडताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंधुदुर्गातली एक विद्यार्थिनी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, गणित मेजर म्हणजे मुख्य विषय. पुढच्या सत्रासाठी तिला दोन जोड्यांतली एक घ्यायची आहे: एकीकडे अल्जेब्रा आणि नंबर थिअरी, दुसरीकडे न्यूमेरिकल मेथड्स आणि स्टॅटिस्टिक्स. बी.एड. करून शाळेत जायचं की बंदर, सर्व्हे, डेटा असल्या कामाकडे वळायचं, हे अजून ठरलेलं नाही. शिवाय एक तक्रार: रिअल ॲनॅलिसिस (लिमिट, कंटिन्युइटी यांच्या काटेकोर सिद्धतांचा पेपर) डोक्यावरून जातं आणि ते पुढे कुठे लागणार हे कोणी सांगत नाही.

‘उपयोगी पेपर कोणता’ असं विचारलं की दहाजण दहा उत्तरं देतात. मी तो प्रश्न जरा फिरवून घेतो. वर्गात, शिकवणाऱ्या माणसासमोर शिकायला मिळणारे पेपर मोजकेच असतात. ती जागा कशाला द्यायची, आणि घरी बसून स्वतः काय शिकता येईल? असं विचारलं की बऱ्याच गोष्टी आपोआप जागेवर बसतात.

आधी परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो. कॉलेज स्वायत्त असेल तर अभ्यासक्रम त्यांचा स्वतःचा. मुंबई विद्यापीठाशी नुसतं संलग्न असेल तर विद्यापीठाचा. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. तुम्ही तिसऱ्या वर्षानंतर थांबणार की पुढे जाणार, यावर निवड बरीच बदलते. घरची गरज अशी असेल की तिसरं वर्ष संपताच पगार सुरू व्हायला हवा, तर खाली मी जे सांगणार आहे त्याच्या उलट करा आणि न्यूमेरिकल-स्टॅटिस्टिक्स घ्या. त्यात कमीपणा काहीच नाही.

शाळेच्या वाटेचा हिशोब साधा आहे. बी.एड.ला पदवीत किमान ५० टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना सवलत असते, आणि अभ्यासक्रम दोन वर्षांचा. सहावी ते आठवीसाठी टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) दुसरा पेपर: १५० गुण, त्यांतले ६० गणित-विज्ञानाचे. शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी २०० प्रश्नांची, वेळ दोन तास, म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. या दोन्ही परीक्षांत अल्जेब्रातल्या ग्रुप-रिंगवर एकही प्रश्न येत नाही. हे आधीच कळलेलं बरं, नाहीतर मुलं ‘अल्जेब्रा घेतलं म्हणजे टीईटी सोपी जाईल’ असं धरून बसतात. अकरावी-बारावीला शिकवायचं तर एम.एस्सी. आणि बी.एड. दोन्ही. सीनियर कॉलेजसाठी एम.एस्सी.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट. या वरच्या दोन पायऱ्यांना मात्र ॲनॅलिसिस आणि अल्जेब्रा टाळून जाताच येत नाही.

आता मूळ विषयाकडे. दोन्ही वाटांना सारखाच लागणारा एक पेपर आहे: लिनिअर अल्जेब्रा. तुमच्या दोन जोड्यांत तो नाही, म्हणजे तो बहुधा सक्तीचा असेल. पण मुलं तो डिटर्मिनंट काढण्यापुरता करतात आणि सोडून देतात. तसं करू नका. त्यात काय आहे ते कोकणातल्याच एका कामातून दाखवतो.

जेटीवर खुणांची पट्टी उभी केली आणि दर तासाला पाण्याची उंची लिहिली. शून्यापासून चोविसाव्या तासापर्यंत २५ आकडे झाले. चंद्रामुळे येणाऱ्या मुख्य भरतीचं आवर्तन १२.४२ तासांचं आहे, हे पक्कं माहीत असतं. म्हणून उंची अशी मांडायची: उंची = अ + ब × कोसाइन + क × साइन. कोन म्हणजे ३६० अंश × वेळ ÷ १२.४२. अज्ञात तीनच: अ, ब आणि क. समीकरणं मात्र २५. लाटांनी आकडे थोडे हललेले असतात, त्यामुळे सगळी समीकरणं एकाच वेळी खरी ठरवणारं उत्तर नसतंच. मग चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करणारं उत्तर घ्यायचं. २५ आकड्यांचा एक व्हेक्टर, आणि २५ समीकरणांतले अ, ब, क यांचे गुणक एकाखाली एक लिहून झालेल्या तीन स्तंभांनी बनलेली सबस्पेस; त्या सबस्पेसवर व्हेक्टरचं प्रोजेक्शन काढलं की काम झालं. फळ्यावर तीन मितींत लंब टाकून दाखवतात तेच इथे २५ मितींत चालतं. शेवटी सोडवायला उरतात तीन अज्ञातांची तीन समीकरणं. ब वर्ग अधिक क वर्ग याचं वर्गमूळ म्हणजे भरतीच्या त्या घटकाची उंची.

खरी मजा पुढे आहे. सूर्यामुळे येणारा घटक १२ तासांचा. तोही हवा म्हणून आणखी दोन स्तंभ घातले, अज्ञात पाच झाले. दोन दिवसांचे, म्हणजे ४८ तासांचे आकडे घेतले. संगणक उत्तर देतो, पण ते भलतंच असू शकतं: चंद्राची भरती अवाच्या सवा, सूर्याची तितकीच मोठी आणि उलट दिशेची. कारण ४८ तासांत १२ तासांच्या लाटेची ४ आवर्तनं होतात आणि १२.४२ तासांच्या लाटेची सुमारे ३.८६. दोघींत पाव आवर्तनाचाही फरक पडत नाही, म्हणून स्तंभ जवळजवळ एकमेकांसारखे. व्याख्येप्रमाणे ते लिनिअरली इंडिपेंडंट आहेत, म्हणजे एक स्तंभ बाकीच्यांपासून बनवता येत नाही; व्यवहारात तसे नाहीत. छोट्या रूपात पाहायचं तर क्ष + य = २ आणि क्ष + १.०१य = २.०१ ही जोडी घ्या. उत्तर क्ष = १, य = १. आता २.०१ च्या जागी २.०२ लिहा. उत्तर होतं क्ष = ०, य = २. उजवीकडे एक शतांश हलला आणि उत्तर एक पूर्ण अंकाने उडालं. सर्व्हेत दोन दिशारेषा फार लहान कोनात छेदल्या की बिंदू भरकटतो, तोही याच कारणाने.

भरतीवर उपाय काय? दोन लाटांत एक पूर्ण आवर्तनाचा फरक पडेपर्यंत मोजत राहायचं. तो पडायला सुमारे ३५४ तास लागतात, म्हणजे पावणेपंधरा दिवस. उधाणापासून पुढच्या उधाणापर्यंतचा काळ नेमका हाच. मध्ये भांग, म्हणजे सर्वांत लहान भरती, येते. किनाऱ्यावरचा माणूस ज्याला पंधरवडा म्हणतो, तीच त्या स्तंभांच्या मॅट्रिक्सची गरज आहे. शिवाय आपल्याकडे दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, त्यासाठी २३.९३ आणि २५.८२ तासांचे आणखी दोन घटक धरावे लागतात. स्तंभ वाढतात, रीत तीच राहते.

हे इतकं लांबवलं कारण ‘इंडिपेंडंट’ या शब्दाचा अर्थ ज्याला असा कळला, त्याला पुढे रिग्रेशन (आकड्यांना सूत्र बसवणं) असो की जीआयएस (नकाशांवरच्या माहितीचं संगणकीय काम), फारसं अडत नाही.

कॅल्क्युलसचं थोडक्यात. कोकण रेल्वेच्या मार्गावर वक्राची किमान त्रिज्या १२५० मीटर धरलेली आहे. सरळ रुळावरून गाडी एकदम अशा वक्रात शिरली तर वक्रता शून्यावरून एका क्षणात १ ÷ १२५० होईल आणि गचका बसेल. म्हणून मध्ये संक्रमण वक्र घालतात. भारतीय रेल्वेत त्यासाठी क्युबिक पॅराबोला वापरतात: बाजूला सरकण्याचं अंतर = लांबीचा घन ÷ (६ × त्रिज्या × संक्रमणाची एकूण लांबी). त्याचं दुसरं डेरिव्हेटिव्ह काढा; सुरुवातीला शून्य येतं, शेवटी बरोबर १ ÷ त्रिज्या, आणि मध्ये सरळ रेषेत वाढतं. संक्रमण १०० मीटरचं धरलं तर शेवटी रूळ १.३३ मीटर बाजूला सरकलेला असतो आणि तिथला उतार ०.०४. वक्रतेच्या पूर्ण सूत्रात खाली जो छेद असतो, तो इतक्या कमी उताराला एक टक्क्याच्या पाव भागाएवढाच फरक पाडतो. म्हणून नुसतं दुसरं डेरिव्हेटिव्ह चालतं. ‘चालतं’ आणि ‘का चालतं’ यांतलं अंतर पार करणं, एवढंच या पेपरात शिकायचं असतं.

आता तो ॲनॅलिसिस. तो अवघड वाटण्याचं कारण बहुतेक वेळा गणितात नसून वाक्यरचनेत असतं. तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख. ‘प्रत्येक बोटीला एक तांडेल असतो’ आणि ‘एक असा तांडेल आहे जो प्रत्येक बोटीवर असतो’ ही दोन वाक्यं एकच आहेत असं कोणी म्हणणार नाही. पण ‘प्रत्येक एप्सिलॉनसाठी एक डेल्टा आहे’ हे इंग्रजीत वाचलं की क्रम नजरेतून सुटतो. म्हणून व्याख्या आधी स्वतःच्या मराठीत, वहीत, पूर्ण वाक्यात लिहा. परीक्षेत उत्तर इंग्रजीतच द्यायचं आहे, ते नंतर.

मग एक आकडा घालून पाहा. ३० सेंटीमीटर बाजूची चौरस फरशी, क्षेत्रफळ ९००. क्षेत्रफळात ६ ची चूक चालेल असं ठरलं, हा एप्सिलॉन. बाजूत किती चूक चालेल? डेरिव्हेटिव्हने काढलं तर ६ ÷ ६० = ०.१. पडताळा घ्या: ३०.१ चा वर्ग ९०६.०१. एक शतांशाने हुकलं! ०.०९९ घेतलं तर ९०५.९५, जमलं; हा डेल्टा. आता फरशी ३०० सेंटीमीटरची करा आणि चूक तीच ६ ठेवा. ०.०९९ आता अजिबात चालत नाही, ०.००९९ लागतो. फरशी जितकी मोठी तितका डेल्टा बारीक, सगळ्यांना पुरेल असा एक डेल्टा मिळतच नाही. कंटिन्युइटी आणि युनिफॉर्म कंटिन्युइटी यांतला फरक एवढाच. पहिलीत प्रत्येक बोटीला आपापला तांडेल, दुसरीत एकच तांडेल सगळ्या बोटींना.

सिद्धता पाठ करण्याची सवय मोडा. गाईडमधून पाठ केलेली सिद्धता पेपरात एका ओळीला अडखळली की पुढचं सगळं जातं. त्याऐवजी प्रमेयाच्या प्रत्येक अटीपुढे लिहा की ही अट सिद्धतेत कुठल्या ओळीत वापरली. मग ती अट काढून टाका आणि प्रमेय मोडणारं उदाहरण शोधा. रोलचं प्रमेय सांगतं की दोन टोकांना किंमत सारखी असेल तर मध्ये कुठेतरी स्पर्शरेषा आडवी असते. त्यातून डिफरन्शिएबल असण्याची (मध्ये कुठेही टोक नसण्याची) अट काढा. −१ ते १ या अंतरालावर क्षचं निरपेक्ष मूल्य घ्या. दोन्ही टोकांना किंमत १, पण कुठेही स्पर्शरेषा आडवी नाही. असं एक उदाहरण हाताशी असेल तर प्रमेय विसरायला होत नाही.

शिक्षकाला अल्जेब्रा कशाला, याचं उत्तर दहावीच्या भौमितिक रचनांत मिळतं. वर्गात कोणीतरी हमखास विचारतं: कोन दुभागता येतो, मग कंपास आणि पट्टीने त्याचे तीन सारखे भाग का करत नाहीत? ‘येत नाही, पुढे चला’ हे उत्तर कसं वाटतं ते मुलांच्या चेहऱ्यावर दिसतं. खरं उत्तर पिअर वांत्झेलने १८३७ मध्ये दिलं, आणि ते तुमच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या अल्जेब्रात बसतं. ६० अंशांचा कोन काढता येतो. त्याचे तीन भाग करायचे म्हणजे २० अंश हवेत. २ × कोसाइन २० ला य म्हटलं तर य घन − ३य − १ = ० हे समीकरण मिळतं. त्याला परिमेय मूळ असलं तर ते १ किंवा −१ असणार. १ घातलं की −३ येतं, −१ घातलं की १. शून्य कुठेच नाही, म्हणजे परिमेय संख्यांवर या बहुपदीचे तुकडे पडत नाहीत, तिचा घात ३ च राहतो. कंपास-पट्टीच्या प्रत्येक पायरीला मात्र घात फार तर दुप्पट होतो: २, ४, ८, १६. त्यात ३ बसत नाही. हे सगळं दहावीच्या वर्गात सांगायचं नाही, पण ‘सिद्ध झालेलं आहे, आणि साधारण असं’ इतकं ठामपणे सांगता यायला ते स्वतःला कळलेलं असावं लागतं.

नंबर थिअरी तर रोजच्या वापराची. ९ ची कसोटी अंकांच्या बेरजेने का चालते? कारण १० ला ९ ने भागलं की बाकी १. ११ ला एकाआड एक अंक वजा का? कारण ११ ने भागताना १० ची बाकी −१ धरता येते. १ ÷ ७ मध्ये सहाच अंक पुन्हा पुन्हा का येतात, हेही १० चे घात आणि ७ ची बाकी मांडली की एका पानात होतं.

शिक्षक होणाऱ्याने गावातलं गणितही ओळखावं. भरतीची वेळ काढायला किनाऱ्यावर ‘तिथीची पाऊणपट’ करतात: चतुर्थीला ३, अष्टमीला ६. हे सरळ य = मक्ष + क. अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत ३० तिथी आणि भरतीची वेळ घड्याळाभोवती २४ तास सरकते, म्हणजे दर तिथीला ४८ मिनिटं, चढ ०.८. पाऊणपट म्हणजे ०.७५, तोंडी हिशोबाला सोपा. दर तिथीला ३ मिनिटं चुकतात, पौर्णिमेपर्यंत ४५ मिनिटं. आणि क प्रत्येक बंदराचा वेगळा. नववी-दहावीच्या दोन चलांतील रेषीय समीकरणांना याहून चांगलं उदाहरण मालवण-वेंगुर्ल्याच्या मुलांसाठी शोधून मिळणार नाही.

उरली न्यूमेरिकलची बाजू. तिथे सगळ्यात मोठा धोका असा की यंत्र चुकलं तरी आकडा देतंच. क्ष वर्ग − २००क्ष + १ = ० हे समीकरण चार सार्थ अंकांत सोडवा. लहान मूळ म्हणजे १०० वजा ९९९९ चं वर्गमूळ. वर्गमूळ ९९.९९ आलं, उत्तर ०.०१. खरं उत्तर ०.००५०००१ च्या आसपास आहे, म्हणजे दुपटीची चूक, आणि सूत्र मात्र बरोबर. कारण दोन जवळजवळ सारखे आकडे वजा केले की कामाचे अंक निघून जातात, कचरा उरतो. त्याऐवजी मोठं मूळ आधी काढा, २००.०. दोन मुळांचा गुणाकार १ असतो, म्हणून लहान मूळ १ ÷ २००.० = ०.००५०००. याच चार अंकांत. प्रत्येक उत्तराला तीन प्रश्न विचारायची सवय लावा: मूळ समीकरणात परत घालून काय उरतं, माहिती किंचित बदलली तर उत्तर किती हलतं, आणि हिशोबातली पायरी (दोन बिंदूंमधलं अंतर) अर्धी केली तर उत्तर किती बदलतं.

हे सारं लॅपटॉप आणि पायथॉन, किंवा नुसती स्प्रेडशीट घेऊन घरी शिकता येतं. पावसात लाइट गेली तर वहीवरही जमतं, वेळ लागतो इतकंच. चुकलं तर पडताळ्यात दिसतं. अल्जेब्राची सिद्धता मात्र चुकली तरी लिहिणाऱ्याला बरोबरच वाटते. लाल पेन घेऊन ‘ही ओळ कशावरून?’ विचारणारं माणूस समोर हवं. म्हणून ज्यांचं ठरलेलं नाही त्यांना मी म्हणतो: वर्गातली जागा अल्जेब्रा-नंबर थिअरीला द्या, न्यूमेरिकल घरी करा. स्टॅटिस्टिक्स मायनर म्हणजे दुय्यम विषय म्हणून मिळत असेल तर तो घ्याच, कारण शाळेतही निकालाची सरासरी आणि विचलन सांगावं लागतं आणि डेटाच्या कामाला त्याशिवाय कोणी दारात उभं करत नाही.

तांत्रिक वाटेबद्दल एक गोष्ट स्पष्ट असू द्या. नुसत्या बी.एस्सी. गणितावर इंजिनीअरचं काम मिळत नाही. त्यावर जीआयएस, रिमोट सेन्सिंग, एम.सी.ए. किंवा एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स असं काहीतरी घ्यावं लागतं. त्या मुलाखतीत दाखवायला एखादं स्वतः केलेलं काम असेल तर बोलणं सोपं जातं. जवळच्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातले १५ दिवसांचे आकडे घ्या, वरचे घटक बसवा आणि सोळाव्या दिवशीची भरती किती मिनिटांनी चुकते ते लिहा. दोन रविवारांचं काम आहे.

फॉर्म भरण्याआधी विभागात जाऊन तीन गोष्टी विचारा. मायनर एकदा घेतला की नंतर बदलता येतो का. अल्जेब्राला अंतर्गत गुण कशावर देतात, पाठांतराच्या चाचणीवर की सोडवलेल्या उदाहरणांवर. आणि तुम्हाला हवी असलेली जोडी गेल्या वर्षी प्रत्यक्ष वर्गात चालली होती का, किती मुलं होती. आपल्याकडच्या लहान कॉलेजांत यादीवर चार पेपर असतात आणि शिकवायला माणूस एकच. त्या एकाचा हात ज्या विषयात चांगला असेल तो पेपर घ्या, मग तो वर सांगितल्यापेक्षा वेगळा निघाला तरी.